हिरवं बूच

"या, सिनेमा बघून जा," लॅबवालीने आतून हाक मारली तेव्हा दवाखान्यातली नर्स, ताई, तपासणीच्या खोलीत टेबलावरचा कागद बदलत होती. लॅबवालीचा सिनेमा म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची काच. काही जिवंत, हलतं सापडलं की तिला ते एकटीला बघवत नसे, कोणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडत नसे. ती हातातला कागद तसाच टाकून गेली, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला. राखाडी उजेडात पेशी पसरल्या होत्या, चपट्या, कडा दुमडलेल्या, आणि त्यांच्यामधून थेंबाच्या आकाराचा एक जीव झटके देत, अडखळत, पुन्हा वळत चालला होता. गर्दीत कोणाला तरी शोधत निघालेल्या माणसासारखा. "वळवळ्या," ती म्हणाली. संबंधातून लागणाऱ्या ट्रायकोमोनासला लॅबमध्ये हेच नाव होतं. "चांगला तरतरीत आहे की. कोणाचा गं?" लॅबवालीने दार लोटून घेतलं. "तेच तर. आपल्यातल्याच कोणाचा तरी. हिरवं बूच."

ती डोळा लावूनच उभी राहिली. डोळा काढला असता तर चेहरा दिसला असता. हिरवं बूच तिचं होतं.

खरं म्हणजे ती सगळी गंमतच होती. बायकांनी आपला नमुना आपणच घ्यायचा, टेबलावर चढायला नको, पाय फाकवून छताकडे बघत पडायला नको, अशी नवी पद्धत दवाखान्यात सुरू व्हायची होती. पडद्यामागे जायचं, कापसाची काडी आत थोडी फिरवायची, नळीतल्या सलाइनमध्ये सोडायची आणि बूच लावायचं. भिंतीवरच्या सूचना बायकांना कळतात की नाही ते बघायला डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी तुम्ही चौघी करून बघा. नावं नकोत. चार नळ्या, चार रंगांची बुचं, जिला जी मिळेल ती. मावशी लाजून लाल झाल्या होत्या. "या वयात हे काय थेर," म्हणत पडद्यामागे गेल्या आणि काडीचं भलतंच टोक धरून बाहेर आल्या. काउंटरवाली म्हणाली होती, "माझ्या नळीत जाळी सापडली तर कोळ्याला हाकलू नका, बिचारा एकटाच भाडेकरू आहे." सगळ्या इतक्या हसल्या की बाहेर बसलेल्या बायका दाराकडे बघायला लागल्या. तीही हसली होती. हिरवं बूच घट्ट लावून तिने नळी वाडग्यात ठेवली होती आणि हात धुताना विसरूनही गेली होती.

"माझं लाल होतं," लॅबवाली आता सांगत होती. "मावशी तर कधीच्या विधवा. तुमचे हे जाऊनही आता वर्ष उलटून गेलं. मग राहिलं कोण?" तिने भुवयांनी काउंटरच्या दिशेला खूण केली. नवऱ्याला सोडून आलेली बाई. असा हिशेब मांडायला काय लागतं? लॅबवालीला माहीत नव्हतं असं नाही. हा जीव बाईच्या पोटात महिनोन्‌महिने गप्प बसून राहतो, कधी वर्षही काढतो, ना खाज, ना आग, ना पांढरं जाणं, हे त्या दोघी रोज दहा जणींना सांगत होत्या. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं. ती सांगू शकली असती. तोंड उघडलंही होतं. मग बाहेरून कोणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली आणि ती गेली. लॅबवालीला वाटलं, ताईंनी मान डोलावली.

बाहेर एक बाई बसली होती, पर्स पोटाशी घट्ट धरून. ताईने नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. अंगावरून जातं का, रंग कसा, वास येतो का, लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी दुखतं का, शेवटची पाळी. आवाज आपोआप खाली आला, तिच्या या आवाजावर डॉक्टरबाईंचा फार जीव होता. "इथे कोणी रागावत नाही," ती म्हणाली. "घरच्यांना काही त्रास?" बाईने नकारार्थी मान हलवली. मग बराच वेळ नखाने पर्सची शिवण खरवडत बसली आणि एकदम म्हणाली, "सिस्टर, हे यांच्याकडूनच आलं असणार ना?" आणि ती म्हणाली, वर्षानुवर्षं म्हणत आली होती तेच, "कधी लागलं, कोणाकडून लागलं, ते काच सांगत नाही. आपण औषध घ्यायचं. दोघांनी." बाईचे खांदे सैल झाले. असे किती खांदे तिने सैल केले होते. त्या वाक्याच्या आडोशाला किती संसार बसलेले असतील, भांडी घासत, मुलांचे डबे भरत. वाक्य खोटं नव्हतं. फक्त त्याच्या आत शिरून बसल्यावर ते इतकं तोकडं पडतं हे तिला ठाऊक नव्हतं. डोकं झाकावं तर पाय उघडे.

तिच्या आयुष्यात एकच पुरुष आला होता, आणि तो वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानांचे, गोदामांचे, सोनारांचे. त्याची एक लाकडी पेटी होती, आत निळी मखमल, मखमलीत खाचा आणि खाचांमध्ये पितळी वजनं, अंगठ्याएवढ्यापासून तांदळाच्या दाण्याएवढ्यापर्यंत. ती वजनं तो उघड्या हाताने कधी धरत नसे. बोटांचा घाम लागला की वजन बदलतं, म्हणायचा, कापड घे. लग्नानंतर तिने कौतुकाने एक वजन उचललं होतं तेव्हा तो रागावला नव्हता, पण रात्रभर ते पुसत बसला होता. एवढं करूनही त्याच्या हातांना पितळेचा वास यायचा. साबणाने जात नसे. अंधारात तो जवळ आला की आधी तो वास यायचा, गोडसर, थंड, जिभेच्या कडेला जाणवणारा. महिन्यातून एकदा तो बाहेरगावी जायचा, बाजारपेठेच्या गावी, काटे तपासायला, दोनतीन दिवस. परत येताना मुलीसाठी रंगीत पेन्सिली आणायचा, हिच्यासाठी काही नाही, कारण तिला काही लागत नाही असं तिनेच सांगून ठेवलं होतं. तो गेला त्याच्या काही महिने आधी एकदा असाच आला आणि तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला. मोरीतून बाहेर येताना ओठ आवळलेले. "जळजळ होते का?" तिने विचारलं होतं. "ऊन लागलं," तो म्हणाला. तिने मीठसाखरेचं पाणी करून दिलं. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना बोलावून घ्या, तपासून घ्या, म्हणून दिवसभर बायकांच्या मागे लागणारी ती, आणि घरी मीठसाखर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तिला तेव्हा तो अंधार दिसलाही नाही, इतका तो घरचा होता.

संध्याकाळी ती चालत घरी निघाली. चालताना तिला वाटलं, आत काहीतरी हलतंय. असं काही जाणवत नाही, जाणवणं शक्य नाही, हे ती शपथेवर सांगू शकली असती. तरीही पुलावर मध्येच थांबून तिने कठड्याला हात लावला. तो जीव आताही चालत असेल, अडखळत, वळत, कोणाला तरी शोधत. नवरा गेला त्याला वर्ष उलटलं. त्याचे कपडे वाटून झाले, चष्मा कोणाला तरी दिला, उशीला त्याच्या केसांच्या तेलाचा वास होता तोही विरला. त्याच्या अंगातून तिच्या अंगात आलेलं, अजून जिवंत असलेलं, एवढंच उरलं होतं. हा विचार मनात आला आणि तिने कठड्यावरचा हात पदराला पुसला. आणि मग, तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, पण क्षणभर तिला त्या जीवाची माया आली. कोणीतरी मागून येत होतं, तिने वाट दिली, तर कोणीच नव्हतं. तिला पितळेचा वास आला. कठडा लोखंडी होता.

आणि मग ती. ती दुसरी. तिला चेहरा नव्हता, हाच त्रास होता. घरी कुलूप उघडताना, कुकर लावताना, आंघोळ करताना ती त्या बाईला चेहरे देऊन बघायची. तरुण, देखणी अशी डोळ्यांसमोर आली की पटत नसे, हा माणूस तरुण बाईपुढे नजर वर करायचा नाही. मग तिच्याच वयाची, तिच्यासारखीच गुडघे दुखणारी कोणी यायची, आणि ती जास्त लागायची. बाजारपेठेच्या गावातल्या एखाद्या खोलीत तीही पाणी गरम करत असेल. तिला तो गेल्याचं कोणी कळवलं असेल का? तिच्या अंगातही हा जीव चालत असेल. तिला कोण विचारणार, अंगावरून जातं का, वास येतो का, इथे कोणी रागावत नाही म्हणून? कधी राग इतका चढायचा की दात करकरायचे, तीस वर्षं तू कापडाने वजनं पुसलीस आणि मला उघड्या हाताने धरलंस, असं ती मोठ्याने म्हणायची. आणि कधी त्या बाईच्या ओटीपोटाची काळजी वाटायची, सवयीने. सवय मेली एकदाची तर बरं, असं तिला वाटे.

मुलीचा फोन आला तेव्हा ती त्याच्या खुर्चीसमोर बसली होती. "आई, बाबांची पेटी मला दे ना," मुलगी म्हणाली. "मी काचेच्या कपाटात ठेवीन. घरात यांना दाखवायला तरी बरी. उठसूट खोटं बोलतात. म्हटलं, माझे बाबा बघा, आयुष्यात काटा तसूभर हलू दिला नाही." "ने की," ती म्हणाली. "तुझा आवाज का असा येतोय?" "सर्दी." मुलगी अजून बोलत होती, बाबा असते तर असं, बाबा असते तर तसं, आणि ती हं हं करत होती. हिरव्या बुचाचं सांगायचं म्हणजे या मुलीच्या कपाटातून ती पेटी काढून घ्यायची. मुलीला कळायचं कारण नव्हतं, दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यात राहिली असती. पण एकदा तोंडातून बाहेर पडलं की ते खरं होणार होतं. आत्तापर्यंत ते फक्त एका काचेवर होतं, आणि काच तर लॅबवालीने केव्हाच धुऊन टाकली होती. शिवाय तो उत्तर द्यायला नव्हता. मेलेल्या माणसाची उलटतपासणी कशी घ्यायची? गप्प राहिलं तर तो होता तसाच राहणार होता. फक्त कोणीतरी दुसरी त्याची किंमत देत होती, आणि ती रोज तिच्यासमोर काउंटरवर बसलेली असायची.

डॉक्टरबाईंनी एवढंच सांगितलं होतं, "जिचं असेल तिने माझ्याकडे यावं. मी काही विचारणार नाही." पण लॅबवालीचा हिशेब तोवर मावशींपर्यंत पोचला होता. मावशींनी संडासात फिनेल जास्त ओतायला सुरुवात केली. लॅबवाली काउंटरच्या खुर्चीवर बसायची वेळ आली की उभीच राहायची, पाठीला बरं असतं म्हणून. चहाच्या ट्रेवर चार कप एकमेकांना खेटून असायचे, त्यातला एक आता जरा बाजूला यायला लागला. रोज बायकांना समजावणाऱ्या या बायका, कपाने लागत नाही, खुर्चीने लागत नाही, संडासाने लागत नाही, ते भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवणाऱ्या. काउंटरवालीला काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. ती हुशार बाई होती. जीभ तिखट, पाठ ताठ, औषधाच्या पुड्या देताना मात्र आवाज एकदम मऊ व्हायचा, "जेवणानंतर घ्या, तोंडाला धातूची चव येईल, घाबरू नका." तिच्या नवऱ्याने तिला काय काय केलं होतं ते तिने एकदाच, हसत हसत, सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्यांना हसू आलं नव्हतं. आता ती कोळ्याचा विनोद करत नव्हती. एके दिवशी तिने पिशवीतून स्वतःचा कप काढला, निळ्या फुलांचा, घरून आणलेला, आणि ट्रेच्या पलीकडे ठेवला. ताईने तो पाहिला. उद्या सांगू, असं तिने ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाली.

मग एका दुपारी, पेशंट संपले होते, मागच्या खोलीत चौघी चहाला बसल्या होत्या आणि डॉक्टरबाई दारात उभ्या राहून बिस्किट खात होत्या. लॅबवाली सहज बोलावं तसं म्हणाली, "लवकर औषध घेतलेलं बरं असतं. लाजून काय उपयोग?" कोणाकडे न बघता. काउंटरवालीने कप खाली ठेवला. "डॉक्टरबाई," ती म्हणाली, "द्या त्या गोळ्या. घेते मी." तिने हात पुढे केला. "माझं पिवळं होतं. पण हिरवं समजा. माझी बदनामी जुनीच आहे, तिच्यात अजून एका रंगाने काय फरक पडतो? मला नीट चहा पिऊ द्या म्हणजे झालं." ती हसत होती, पण पुढे केलेला हात मागे घेत नव्हती. डॉक्टरबाईंनी काही म्हणायला तोंड उघडलं. "तिला देऊ नका," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला, बाहेरच्या बायकांशी बोलायचा तो मऊ आवाज नव्हताच तो. "तिला कशाला? हिरवं बूच माझं आहे." मावशी म्हणाल्या, "अहो ताई, काहीतरीच काय!" त्या हसल्यासुद्धा थोड्या. मग कोणाचंच हसू उरलं नाही. लॅबवाली आपल्या नखांकडे बघत होती. आणि ताईला दिसलं, त्या तिघींच्या डोळ्यांसमोर तो आला होता, दवाखान्यातला औषधं तोलायचा काटा फुकट दुरुस्त करून देणारा, चहासुद्धा नको म्हणणारा, आणि तिघी त्याला नव्याने न्याहाळत होत्या. हेच तिला नको होतं. झालं.

काउंटरवाली उठली. कप धुतला, पुसला, पिशवीत टाकला. "मी कप घरून आणत होते, ताई," ती म्हणाली. "तुम्ही बघत होतात." एवढंच म्हणून ती बाहेर गेली.

डॉक्टरबाईंच्या खोलीत ती पहिल्यांदाच या बाजूच्या खुर्चीवर बसली. खुर्ची बुटकी होती, इथून डॉक्टरबाई उंच दिसायच्या, हे तिला कधी कळलं नव्हतं. एक सापडलं की बाकीच्या रोगांचीही तपासणी करायची, म्हणून रक्त घेऊ, डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तिने बाही वर केली. नेहमीचे प्रश्न आले. डॉक्टरबाई ते कागदाकडे बघून विचारत होत्या, वर न बघता, दया म्हणून. पण सवय वाईट. "घरच्यांना आणता येईल का?" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "आणता आलं असतं तर आधी मीच विचारलं असतं," ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, कधी लागलं, कोणाकडून लागलं, ते…" "माझंच वाक्य मला नका सांगू, बाई." मग डॉक्टरबाईंनी खण उघडला. पुड्या ताईनेच भरून ठेवल्या होत्या, दोन दोन, एकमेकींना पिन मारून, एक बाईची, एक घरच्यांची, म्हणजे बाई लाजून एकच नेणार नाही. डॉक्टरबाई नखाने पिन काढायला लागल्या. पिन निघेना. "असू दे," ती म्हणाली आणि दोन्ही पुड्या पदराखाली घेतल्या.

निघताना काउंटरसमोरून जावं लागलं. काउंटरवालीने मान वर केली नाही. पण ती दारापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, कोरडा, तरी नेहमीच्याच शब्दांत. "जेवणानंतर घ्या. उपाशीपोटी मळमळतं." ती वळली. काउंटरवाली कपाटाला कुलूप लावत होती.

तिन्हीसांजेला ती जेवली, दोनच घास, आणि आपल्या पुडीतली गोळी घेतली. मग बसून राहिली. पेटी टेबलावर होती, मुलगी रविवारी न्यायला येणार होती. तिने झाकण उघडलं, मखमलीतलं सगळ्यात मोठं वजन उचललं, कापड न घेता, आणि मुठीत घट्ट धरून ठेवलं, चांगला घाम लागेपर्यंत. मग ते तसंच खाचेत ठेवून दिलं. जाऊ दे मुलीच्या कपाटात. बराच वेळ काही झालं नाही. खाली कोणीतरी गाडी सुरू केली, बंद केली. मग जिभेच्या कडेला ती आली, शेकडो बायकांना ती सांगत आली होती ती चव. तिने कधी विचारच केला नव्हता, कुठला धातू. आता कळलं. गोडसर, थंड. दिवा लावला नव्हता, खोलीत अंधार उतरत होता आणि तो नेहमीसारखा आधी वासाने जवळ आला होता, तिच्या तोंडात. चूळ भरायला ती उठली. मोरीपर्यंत गेली आणि परत आली.

त्याच्या खुर्चीसमोर तिने दुसरी पुडी ठेवली. शेजारी पाण्याचा पेला भरून ठेवला. मग समोर बसली, जशी रोज बायकांसमोर बसायची तशी, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि त्याच खालच्या, मऊ आवाजात म्हणाली, "इथे कोणी रागावत नाही. कोण होती?" ती थांबली. उत्तराला वेळ द्यावा लागतो, हे तिला माहीत होतं. तोंडातली चव वाढत गेली. "ती बरी आहे ना?" तिने विचारलं, आणि तेव्हा कुठे, तो गेल्यापासून पहिल्यांदाच, तिला मोठ्याने रडू आलं.